दप्तराबाहेरची मासळी

पेशवाई बुडून सहा-सात वर्षे होतात न होतात तोच, १८२४ साली, नव्याने हाती आलेल्या दख्खनच्या मुलखाची इत्थंभूत माहिती गोळा करण्यासाठी मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स नावाच्या एका लष्करी अंमलदाराची नेमणूक केली, आणि हा गृहस्थ पुढे १८३१ पर्यंत परगण्यापरगण्यांतून हिंडत जमिनीची प्रतवारी, पिके, वस्ती, वजने-मापे, पाऊसपाणी अशा महसुली बाबींची टिपणे करीत राहिला. सरकारला हवी होती ती माहिती त्याने दिलीच. परंतु जात्याच चौकस असल्यामुळे वाटेत भेटलेले पक्षी, वटवाघळे आणि मुळा-मुठा, भीमा या नद्यांतील मासेही त्याने सोडले नाहीत. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध १८३८-३९ च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या द्वारे प्रसिद्ध झाला, आणि त्यात शास्त्राला तोवर अज्ञात असलेल्या अनेक माशांचे नामकरण करताना त्याने लॅटिन कोशाला विशेष त्रास न देता नदीकाठी कानांवर पडलेली नावेच थोड्याफार मोडतोडीने उचलली. मळ्या हा 'मुल्ल्या' झाला, मुरे 'मूरेह' झाले, खर्प्याचा 'कुर्पाह' झाला, शिंगाळा 'सीनघाला' म्हणून आणि कोळस 'कोलस' म्हणून जगाच्या ग्रंथांत दाखल झाले. आणि जो महाशीर पुढे साहेबाच्या गळाचा मानकरी ठरला, तोही पुण्याच्या मुळा-मुठेतूनच 'खुद्री' या नावाने त्या यादीत आला.

ही यादी वाचताना माझ्या मनात भरते ती तिची समदृष्टी. बोटाएवढा मळ्या आणि हातभर लांबीचा महाशीर तिच्यात शेजारी शेजारी बसले आहेत. कोणाला मान नाही, कोणाची हेटाळणी नाही. ती हेटाळणी पुढे आली. मासा भारी कोणता आणि हलका कोणता हे नदी ठरवीत नाही, आणि पुष्कळदा आपली जीभसुद्धा ठरवीत नाही. ज्याच्या हाती दप्तर असेल तो ठरवितो, मग तो राजा असो, शिकारी साहेब असो, सरकारी खाते असो, नाही तर तलावाचा ठेकेदार असो. दख्खनच्या नद्यांतील मासळीचा गेल्या काही शतकांतील इतिहास हा बव्हंशी या दप्तरांचा इतिहास आहे.

त्यांतले सर्वांत जुने, आणि माझ्या मते सर्वांत रसिक, दप्तर राजाचे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करून गेला; त्याच्या नावावर 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणी' हा राजविद्येपासून पाकक्रियेपर्यंत सर्व विषयांना कवेत घेणारा संस्कृत ग्रंथ आहे. राजाने मन रमविण्यासाठी काय काय करावे हे सांगताना त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून गळाने मासे धरण्याचे एक स्वतंत्र प्रकरण येते. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणता मासा कुठे राहतो, त्याला कोणते खाणे घालून एका जागी येण्याची सवय लावावी, दोर आणि काठी कशी असावी, हे सारे त्यात आले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा परिचय विद्वानांना करून दिला तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले, कारण गळाचा छंद म्हणजे विलायतेहून आलेली चीज, अशी आपल्याकडील शिकलेल्या वर्गाची एक समजूत होऊन बसली होती. त्या प्रकरणातील राजा माशांची खोडी आणि आवड ओळखून गळ टाकतो, आणि वजनावर भाळून जात नाही, एवढे मात्र येथे नमूद करून ठेवतो.

साहेबाचे तसे नव्हते. त्याच्या स्वतःच्या देशात सामन आणि ट्राउट हे सरदार व बाकीचे सगळे मासे रयत, अशी वाटणी फार पूर्वी झालेली होती. सरदारांना धरणे हा सभ्य गृहस्थाचा खेळ, आणि रयतेच्या माशांना धरणे हा गिरणीतल्या मजुराचा रविवार. हीच तागडी तो बरोबर घेऊन इकडे आला. सामन येथे नव्हता, तेव्हा त्याच्या गादीवर कोणाला बसवावे या शोधात त्याला महाशीर सापडला. दक्षिण कानड्याचे कलेक्टर असलेल्या एच. एस. टॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहून महाशीराचे पोवाडे गाइले, आणि तेव्हापासून हिमालयाच्या पायथ्यापासून कावेरीपर्यंत प्रत्येक छावणीतला अंमलदार काठी घेऊन महाशीराच्या मागे लागला. सुरुंगाच्या दारूने आणि विषाने मासे मारण्यास मनाई करणारा १८९७ चा कायदा झाला त्यामागे नदीतील मासळीच्या नाशाची खरी काळजी होती हे मी नाकारीत नाही. गेळाची फळे नाही तर रामेठ्याचा पाला ठेचून डोहात कालवायचा, आणि लहान-मोठे सारे मासे एकदम पोटे वर करून तरंगले की टोपल्या भरायच्या, हा प्रकार आमच्याकडेही सर्रास चाले. पण काळजीचे माप मात्र सर्वांना सारखे नव्हते. महाशीर 'खेळाचा' ठरला, आणि वाम, शिंगाळा, मरळ, कोळस हे 'इतर' ठरले. हा 'इतर' शब्द ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता जरा घरातल्या दप्तराकडे वळतो, कारण मान-अपमानाचा हा खेळ कचेरीपेक्षा स्वयंपाकघरात अधिक कडक नियमांनी चालतो.

आमचे बालपण भोरला गेले. संस्थान नुकतेच विलीन झालेले होते. राजवाडा होता, नीरेचा घाट होता, आणि घाटाच्या खालच्या अंगाला नदीकाठी भोयांची घरे होती. आमचे कुटुंब कायस्थ प्रभूंचे, म्हणजे मासळीच्या बाबतीत जिभेला वतनदारी असलेले. परंतु ही वतनदारी सारी खाऱ्या पाण्याची. वरंध घाटाने महाडकडून येणाऱ्या मोटारीतून कोणी नातलग सोड्यांची पुडी घेऊन उतरला की त्या दिवशी घरात सणाचे वातावरण होई. सुके बोंबील फडताळात पिढीजात दागिन्यासारखे जपून ठेवलेले असत. नीरा मात्र घरापासून हाकेच्या अंतरावर वाहत असताना तिच्यातला मासा आमच्या चुलीपर्यंत पोचत नसे. आमची एक आत्या अलिबागेस दिलेली होती, ती माहेरपणास आली असता आम्ही मोठ्या अभिमानाने तिच्यापुढे ताज्या मासळीचे ताट धरले, तेव्हा तिने पदर नाकाशी नेऊन, "हे मासे होय रे? हा तर नुसता चिखल! आणि ही वाम, हिला घरात आणलीत तर नागोबा आला असे समजून मी दिवा लावीन हो!" असा निकाल दिला. तो निकाल घरात पुढे अनेक वर्षे कायम होता. वाम सापासारखी म्हणून वर्ज्य. शिंगाळ्याला खवले नाहीत म्हणून वर्ज्य. कोळशीला काटे फार म्हणून वर्ज्य. आणि मळ्या तर मासा म्हणण्याच्याही लायकीचा नाही, ते पोरांनी खेळावे.

पोरे खेळत असत. उन्हाळ्यात नीरेचे पाणी आटून धारा दगडागोट्यांतून खळखळत वाहू लागल्या की मळ्यांचा हंगाम. हा मासा अंगाने काळपट, डोक्याने बोथट, आणि त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा एक अवयव असतो. त्याच्या जोरावर तो वेगाच्या धारेतही शिळेला चिकटून राहतो आणि तिच्यावरचे शेवाळ खातो. त्याला धरायला गळ नको, जाळे नको. धारेच्या खालच्या बाजूस बसायचे, दोन्ही हात पाण्यात घालून दगडाच्या पोटाखाली दोन्हीकडून हळूहळू सरकवायचे, आणि बोटांना काहीतरी थंड व गुळगुळीत लागून ते आतल्या आत वळवळले की ओंजळ मिटायची. दहांतले आठ निसटत. जे हाती लागत ते घाटाच्या पायरीवर राखेने चोळून साफ करायचे, कोणाच्या तरी परसात तीन दगड मांडून फुटक्या तव्यावर मीठ-मिरचीशी परतायचे, आणि काट्यासकट चावून खायचे. त्या चवीला खाऱ्या पाण्याची सर नाही असे मी आजही म्हणणार नाही. आत्या आता हयात नाही, तेव्हा हे बेधडक लिहिण्यास हरकत नाही.

गळ टाकण्यात आमचे गुरू भोयांपैकी एक वयोवृद्ध गृहस्थ होते; त्यांना सारे गाव तात्या म्हणे. त्यांच्या आज्याने भोरच्या राजांच्या, म्हणजे पंतसचिवांच्या, पालखीला खांदा दिलेला होता. भोई म्हणजे पालखीचा मानकरी आणि नदीचाही धनी. पुढे घाटांतून सडका झाल्या, आगगाडी झाली, मेणे आणि पालख्या अडगळीत पडल्या, आणि दोन पोटे भरणाऱ्या या जमातीला एकटी नदी तेवढी उरली. तात्यांची काठी बांबूची होती आणि तिला तंगूस मात्र नवा, पुण्याहून आणलेला होता. पूर्वी आम्ही सुताला भिलाव्याचा रस चोळीत असू आणि तरी तो दोन पावसाळ्यांत कुजे, हा तंगूस काही कुजत नाही, असे ते कौतुकाने सांगत. नायलॉनच्या या न कुजण्यात पुढे काय वाढून ठेवले होते ते त्या वेळी कोणालाच दिसत नव्हते.

एकदा डोहाच्या कडेला, उथळ पाण्यात, तांबूस-नारिंगी रंगाचा परातीएवढा एक पुंजका हलताना आम्हांला दिसला. जवळून पाहिले तर ती शेकडो पिले होती. क्षणोक्षणी वर येऊन हवा घेत होती आणि पुन्हा खाली जात होती, आणि त्यांच्या खालच्या अंधारात एक काळी, जाड, हातभर लांबीची सावली स्थिर उभी होती. ती मरळ. हा मासा आपली पिले अशी राखतो, आणि राखणीच्या दिवसांत बेडकाच्या आमिषावर इतका त्वेषाने धावून येतो की त्याला धरणे हा पोरखेळ आहे. आमच्यापैकी एकाने काठी उचलली तोच तात्या ओरडले, "थांब रं लेकरा! तिच्या पोरांच्या माथ्यावरनं गळ टाकतूस व्हय? तिला धरलीस तर ती पोरं सांजंपोत्तर बी ऱ्हायाची न्हाईत. मंग म्होरल्या साली डोहात काय गोटं धरनार?" हा नियम कोणत्याही गॅझेटात छापलेला नव्हता, आणि तो मोडला म्हणून कोणी दंड करीत नव्हते, तरी त्या काठावर तो चाले.

सगळेच नियम असे शहाणे होते, अशी बतावणी मात्र मी करणार नाही. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, ओढ्यांना तांबडे पाणी आले आणि भातखाचरे तुडुंब होऊन बांधांवरून वाहू लागली, की नदीतले मासे अंडी घालण्यासाठी त्या उलट्या धारेतून वर चढत. यालाच चढणीचे मासे म्हणतात. घाटाखाली कोकणात वलगणीचे मासे म्हणतात. त्या रात्री गावात कोणी झोपत नसे. कंदील, टेंभे, बत्त्या घेऊन सारी आळी ओढ्यावर. कोणाच्या हाती पाग, कोणाच्या टोपली, कोणाच्या नुसते धोतर. गुडघाभर पाण्यात उभे राहिले की पोटऱ्यांना मासे थडकत. जन्मभर नदीच्या मासळीला नाक मुरडणारी घरेदेखील त्या एका रात्री शुचिर्भूत होऊन टोपली घेऊन येत, आणि आमची आजी गाबोळी तळून वाढताना ती गोड्या पाण्याची आहे हे सोयीस्करपणे विसरत असे. ज्या माशाला मान नव्हता त्याच्या पोटातल्या अंड्यांना मात्र मान होता. मासे मुबलक होते, पाग थोडे होते, ओढे मोकळे होते, म्हणून ही चैन त्या काळी नदीला परवडली. तीच रीत पुढे ओढ्याच्या तोंडाला या काठापासून त्या काठापर्यंत नायलॉनचे जाळे बांधून चालू राहिली, तेव्हा ती परवडेनाशी झाली.

इकडे दप्तर पुन्हा बदलले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अन्नटंचाई आणि त्रेचाळीस सालचा बंगालचा दुष्काळ यांनी सरकारचे लक्ष तळ्यांतल्या मासळीकडे वेधले, आणि स्वातंत्र्यानंतर धरणांमागून धरणे झाली तसे प्रत्येक जलाशय म्हणजे एक शेत, आणि त्यात काय पेरायचे ते ठरलेले, असा हिशेब सुरू झाला. पेरायचे म्हणजे गंगेच्या खोऱ्यातले कटला, रोहू आणि मृगळ. हे मासे भराभर वाढतात, दुसऱ्या माशांना खात नाहीत, बाजारात उठाव आहे. गैरसोय एवढीच की ते साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत, म्हणून त्यांचे बीज बंगालमधल्या नद्यांतून गोळा करून आगगाडीने परप्रांतांत न्यावे लागे. ही अडचण हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी दूर केली. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुळ येथे माशांच्याच शीर्षग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी या माशांकडून तळ्यात प्रजोत्पादन करवून घेतले, आणि देशातील मत्स्यशेतीचे रूपच पालटले. तो दिवस आजही मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून साजरा होतो, आणि तो मान यथायोग्य आहे. लाखो पोटांत त्यामुळे घास गेला आहे.

पण पेरणी आली की निंदणी आली. तळ्यात बोटुकली सोडण्यापूर्वी आधीचे मासे नाहीसे करावेत, असा पाठ मत्स्यशेतीच्या पुस्तिकांतून गिरविला जाऊ लागला. मरळ, वाम, शिंगाळा हे 'भक्षक'. कोळस, झोऱ्या आणि बारीकसारीक चंदेरी मासे हे खाण्यात वाटेकरी, म्हणून 'निरुपयोगी'. आणि या दोघांनाही काढून टाकण्यासाठी हेक्टरी अडीच हजार किलो मोहाची पेंड पाण्यात मिसळावी. गेळ आणि रामेठा वापरणाऱ्या खेडुताला ज्या कृत्याबद्दल कायद्याने गुन्हेगार ठरविले होते, तेच कृत्य तळ्याच्या बांधाआड शास्त्रीय शिफारस म्हणून परत आले. तळे हे तळे, नदी ही नदी, हा भेद मी जाणतो. परंतु मनात एकदा 'निरुपयोगी' हा शेरा पडला की तो बांधावर थांबत नाही.

हा शेरा केवळ आपल्याच दप्तरात पडला असेही नाही. अमेरिकेत खरखरीत, ओबडधोबड मासे म्हणून एक वर्गच केलेला आहे, आणि त्यात तिथल्या नद्यांचे कितीतरी मूळ रहिवासी जाऊन बसले आहेत. सप्टेंबर १९६२ मध्ये वायोमिंग आणि युटा राज्यांतील ग्रीन नदीत, नवे धरण भरण्याआधी ट्राउटसाठी जागा मोकळी करावी म्हणून, शेकडो मैल लांबीच्या पात्रात रोटेनोन नावाचे वनस्पतिजन्य विष सोडण्यात आले. ज्यांची सफाई करायची होती त्यांत इतरत्र दुर्मीळ होत चाललेले मासेही होते, आणि त्यावरून तिथल्या शास्त्रज्ञांनी जो गहजब केला त्याचा पुढे संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्यापर्यंत परिणाम झाला. याहून मौजेची गोष्ट सायप्रिनसची. हा युरोपीय मासा १८७७ साली अमेरिकन सरकारच्या मत्स्य आयोगाने जर्मनीहून मुद्दाम आणवून, लोकांच्या मागण्या पुरवीत, राज्याराज्यांत वाटला. आणि एका पिढीच्या आत तो पाणी गढूळ करणारा, चिखलाचा, टाकाऊ मासा म्हणून तिथे बदनाम झाला. आपल्याकडे १९३९ साली तो निलगिरीत आला, १९५७ साली त्याची दुसरी जात बँकॉकहून आली, आणि आज आपल्या धरणांत त्याचेच बीज सन्मानाने सोडले जाते. एकच मासा, एका दप्तरात चोर, दुसऱ्यात जावई.

चिलापीची कथाही याच वळणाची आहे, फक्त उलट दिशेने. आफ्रिकेतून निघालेला हा मासा १९५२ साली भारतात आला तो गरिबांचे अन्न म्हणून. पण तो इतका वाढला आणि इतका खुरटला की १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदी घालण्याची पाळी आली. पुढे त्याचे इतर भाऊबंद आले, आणि १९८० साली पुरे झालेल्या उजनीच्या विस्तीर्ण फुगवट्यात त्यांनी असे बस्तान बसविले की पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणच्या आसपास कोणत्याही ढाब्यावर 'ताजी मासळी' मागितली तर पुढे येते ती बहुधा तळलेली चिलापी. मुंबईहून येणारे खवय्ये तिला खास भीमेची देणगी समजून खातात. भीमेची खरी देणगी कोणती, हे विचारण्यासाठी ढाब्याच्या मागे धरणावरून होड्या परततात तिथे जावे लागते. मी गेलो आहे. पाटीत चिलापी, कटला, एखादी वाम. आणि पाटीबाहेर काठावर फेकलेले, चिलखतासारख्या कडक, काळ्या, ठिपकेदार पाठीचे काही मासे उन्हात पडलेले. हा 'सकर', दक्षिण अमेरिकेतला. शोभेच्या काचपेट्यांतून कोणी तरी पाण्यात सोडलेला. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, त्याला कोणी खात नाही, आणि भोई त्याला सुरीनेही शिवत नाहीत. निरुपयोगी हा शेरा ज्याला खरोखर लागू पडावा असा मासा भीमेत अखेर आला तो असा, काचपेटीतून. बेकायदा पाळल्या जाणाऱ्या थाई मांगुराचेही तेच. त्याच्यावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी तो चोरवाटेने तळ्यांत येतच राहिला.

यापुढचा भाग आनंदाने लिहावा की खेदाने, हे मला ठरविता येत नाही, कारण हलक्या माशांना मान मिळू लागला तो ते दुर्मीळ झाल्यावर. महाशीराचे भाग्य त्यांत थोर. राज्याचे माजी मत्स्य संचालक सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या तलावाकाठी दख्खनच्या महाशीराचे प्रजोत्पादन घडवून आणून १९७१ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे तिथली पिले दूरदूरच्या नद्यांत गेली, कावेरीतही गेली, आणि तिथल्या मूळच्या, कुबड असलेल्या महाशीरालाच जड झाली. म्हणजे आपल्या नदीतला मानकरी परक्या नदीत उपरा ठरला. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत, वरदायिनी देवीच्या डोहात, याच कुळातले मासे कुरमुऱ्यांसाठी माणसाच्या पायाशी येतात. त्यांना कोणी मारीत नाही, आणि त्यासाठी ना कायदा लागला ना खाते. पण देवीचा आसरा सगळ्यांना कुठे? कपाळावर पुढे आलेल्या टेंगळामुळे विचित्र दिसणारा, भीमाखोऱ्यातला नकटा मासा आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटग्रस्त म्हणून लागला आहे, आणि त्याचे नाव आपल्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांनी ऐकलेले नाही. २०२३ साली राज्याने आपला राज्यमासा निवडला तो पापलेट. आमच्या आत्याला ही निवड अगदी पसंत पडली असती.

मरळ मात्र आपली पायरी स्वतःच्या बळावर चढली. पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते, काटे थोडे, मांस घट्ट. एके काळी जिला भक्षक म्हणून तळ्यातून हुसकावले, तिचेच आता पालन करतात, आणि पुण्याच्या बाजारात ती रोहूहून महाग विकली जाते. वामीला तर सापासारखी म्हणून नाके मुरडणारे आता आजारातून उठलेल्या माणसासाठी मुद्दाम शोधीत हिंडतात. कोळशीला आणि मळ्याला असा कोणी कैवारी भेटला नाही. नीरेवर देवघरचे धरण झाले, उन्हाळ्यात धारा सोडतील तेव्हा वाहतात, एरव्ही दगड कोरडे पडतात, आणि शहरांच्या खालच्या अंगाला जे वाहते त्याला पाणी म्हणणे धाडसाचे आहे; ज्या मुळा-मुठेने जगाच्या ग्रंथांना इतकी नावे पुरविली, तिच्या पुण्याच्या हद्दीतल्या पात्रात आज महाशीर शोधण्याचे कोणी मनातही आणीत नाही.

एका जलाशयाच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे उत्पादनाचे रजिस्टर अलीकडे पाहण्यात आले. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस असे रकाने, प्रत्येकाखाली किलो आणि रुपये नीट मांडलेले, आणि शेवटी एक अरुंद रकाना: 'इतर'. त्या रकान्यात आकडे होते, नावे नव्हती. मासा नाहीसा झाला तर या रजिस्टरात तो कधी नाहीसा झाला हे कळण्याची सोय नाही, कारण तो होता हेच कुठे लिहिलेले नाही. मत्स्यव्यवसाय खात्याने आणि संस्थांच्या चिटणीसांनी एवढेच करावे, की येत्या हंगामापासून हा रकाना फोडून त्यातील प्रत्येक मासा त्याच्या नावाने लिहावा. त्याला नवी योजना लागत नाही, अनुदान लागत नाही. नावे जाळे ओढणाऱ्या भोयांना पाठ आहेत, आणि ती विचारून घेण्यास कारकुनाचा पाव तास पुरे आहे.